वाफ आणि डाग: एका रूढ समजुतीची तपासणी

घरात कुत्रे किंवा मांजर बाळगणाऱ्या माणसाची गालिच्यावरील अथवा गादीवरील त्या पिवळट डागाशी आज ना उद्या गाठ पडतेच. आणि अशा वेळी वाफेचे यंत्र, म्हणजे आपण ज्याला स्टीम क्लीनर म्हणतो ते, हाताशी असले, तर उकळत्या वाफेपुढे कोणताही डाग टिकणार नाही या स्वाभाविक विश्वासाने त्याची तोटी थेट डागावर रोखली जाते. माझ्याही हातून हे घडले आहे. बोक्याने भिजवलेल्या एका लोकरी गालिच्यावर मी बराच वेळ वाफ धरली, डाग फिकट दिसू लागल्याचे समाधान मानले, आणि पुढे मृगाच्या पहिल्या सरीनंतर तोच दर्प खोलीभर पसरला, तेव्हा या विश्वासाची मुळापासून तपासणी करणे मला भाग पडले.

उष्णतेने डाग सुटतो, ही समजूत तेलकटपणाच्या बाबतीत पुष्कळ अंशी खरी आहे. स्वयंपाकघरातल्या ओट्यामागील चिकट थर वाफेने सैल होतो हे कोणीही पाहू शकतो. परंतु ओकारी, रक्त, विष्ठा यांच्या डागांत प्रथिने असतात, बोक्याच्या मूत्रातही ती बऱ्याच प्रमाणात असतात, आणि प्रथिनांचा धर्म तेलाच्या नेमका उलट आहे. अंड्याचा पांढरा बलक साठ अंशांच्या पुढे तापला की गोठतो आणि पुन्हा काही केल्या पातळ होत नाही. धाग्यांच्या पोटात शिरलेल्या प्रथिनाचीही वाफेखाली तीच गत होते. रंगद्रव्याविषयी म्हणाल, तर कापडाच्या छपाईत रंग पक्का बसावा म्हणून कारखान्यात कापडाला मुद्दाम वाफच देतात. जो उपाय रंग पक्का करण्यासाठी योजला जातो, तोच रंग घालवण्यासाठी योजणे कितपत युक्त आहे, हे वाचकांनीच ठरवावे.

दुसरी समजूत अधिक खोलवर रुजलेली आहे, कारण ती शब्दाच्या घोटाळ्यातून उत्पन्न झाली आहे. गालिचे धुणारे व्यावसायिक ज्याला 'स्टीम क्लीनिंग' म्हणतात, त्यात बहुधा वाफ नसतेच. गरम पाणी दाबाने आत सोडून ते मळासकट लगेच शोषून घेणारे ते यंत्र असते. घरगुती यंत्रात ही शोषणाची सोय सहसा नसते. त्याच्या टाकीतील वाफ शंभर अंशांहून पुष्कळ तापलेली असली, तरी तोटीबाहेर पडताच ती शंभरावर येते, चार बोटे अंतरावर त्याहूनही थंड होते, आणि गालिच्यात शिरून तिचे पाणी होते. ते पाणी डागाला बाहेर काढीत नाही, उलट त्याला खालच्या अस्तरापर्यंत पोचवते. मूत्रातील क्षार हवेतला ओलावा ओढून घेणारे असतात, युरियाचे जिवाणूंकरवी अमोनियात रूपांतर होत राहते, आणि मांजराच्या मूत्रात तर फेलिनीन नावाचे गंधकयुक्त अमिनो आम्ल असते, ज्याच्या विघटनाने तो विशिष्ट उग्र वास दिवसागणिक वाढतो. माझ्या खोलीत पावसाळ्यात दर्प का परतला, याचा उलगडा इथे होतो.

या दर्पाचे खापर सरसकट युरिक आम्लाच्या खड्यांवर फोडण्याची एक रीत पडली आहे; तीही तपासून पाहण्याजोगी आहे. कुत्र्या-मांजरांच्या शरीरात युरिक आम्लाचे बहुतांशी अ‍ॅलंटॉइन या पाण्यात अधिक विरघळणाऱ्या द्रव्यात रूपांतर होते. डाल्मेशियन जातीचा कुत्रा हा त्यातला प्रसिद्ध अपवाद. ही सोय माणसाला मात्र लाभलेली नाही.

मग उपाय कोणता? आधी कोरड्या सुती फडक्याने दाबून, न घासता, ओल टिपावी. मग थंड पाणी घालून पुन्हा टिपावी. आणि त्यानंतर विकरयुक्त द्रव, म्हणजे एन्झाइम असलेला क्लीनर, डाग जितका खोल गेला असेल तितका खोल मुरवून, बाटलीवर सांगितलेल्या मुदतीपर्यंत ओला राहू द्यावा. विकरांचा हा उपयोग नवा नाही. जर्मनीत ओटो रोम यांनी १९१३ सालीच स्वादुपिंडातील विकरांनी कपडे धुण्याचे पेटंट घेतले होते. पण विकर हेही प्रथिनच असल्यामुळे ते तापले की निकामी होते. म्हणून विकर घालून वर वाफ देणारा गृहस्थ स्वतःच नेमलेल्या कामगाराला कामाच्या ऐन वेळी बडतर्फ करतो. ब्लीच तर कदापि घालू नये, कारण मूत्रातल्या अमोनियाशी त्याचा संयोग होऊन क्लोरामाइनचे विषारी वायू निघतात. अमोनिया असलेले फरशी पुसण्याचे द्रवही टाळावेत; त्यांचा वास जनावराला मूत्रासारखाच वाटतो आणि तीच जागा पुन्हा पसंत पडण्याचा संभव असतो.

याचा अर्थ वाफेचे यंत्र निरुपयोगी आहे असा नव्हे. डाग पूर्णपणे निघाल्याची खातरजमा झाल्यावर, फरशीच्या सांध्यांत किंवा वाफ सोसणाऱ्या सुती कापडावर, पिसवा, त्यांची अंडी आणि जंतू यांच्या बंदोबस्तासाठी तोटी सावकाश फिरवावी. तिथे तिचे काम उत्तम होते. लोकर, रेशीम आणि लाकडी जमीन यांना मात्र वाफ देऊ नये: लोकर ओल, उष्णता आणि घर्षण यांनी आटून घट्ट होते, लाकूड फुगते. जनावर त्या वेळी दुसऱ्या खोलीत असावे. एक ग्रॅम वाफ नुसती पाण्यात बदलताना सुमारे ५४० कॅलरी उष्णता सोडते. म्हणून वाफेचा चटका उकळत्या पाण्याहूनही भयंकर असतो.

राहिली ती सर्वांत घातक समजूत, ती म्हणजे मांजर खोडीने किंवा रागाने गालिचा खराब करते. ठरल्या जागी जाणारे मांजर एकाएकी भलतीकडे मूत्र करू लागले, तर मूत्रमार्गाचा विकार हे त्याचे कारण असू शकते. बोका वारंवार बसून कण्हत असेल आणि थेंबभरच मूत्र येत असेल किंवा मुळीच येत नसेल, तर मार्ग तुंबलेला असण्याचा संभव आहे, आणि तसे असल्यास दोन-तीन दिवसांत तो दगावू शकतो. त्या दिवशी डाग तसाच राहू द्यावा, आणि बोक्याला घेऊन तडक पशुवैद्याकडे जावे.