खडकी परिसरातील खडकांचे विदारण आणि क्षरण

खडकी हा पुणे शहराच्या उत्तर भागातील, मुळा नदीच्या उजव्या तीरावरील परिसर आहे. येथील मूळ खडक दख्खनचा बेसाल्ट असून तो सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भूपृष्ठावर पसरलेल्या लाव्हाच्या थरांपासून बनला. खडक जागच्या जागी कमकुवत होऊन फुटण्याच्या प्रक्रियेस विदारण म्हणतात. सुटे झालेले द्रव्य पाणी, वारा आदी कारकांनी झिजवून वाहून नेले जाणे म्हणजे क्षरण होय. व्यवहारात दोन्हींना ‘झीज’ म्हटले जाते. मात्र येथील मुरूम ही विदारणाची, तर नदीकाठची गाळमाती ही क्षरणाची निर्मिती आहे.

विदारण

लाव्हा थंड होताना आकसला आणि त्यात उभ्या-आडव्या भेगा पडल्या. पावसाचे पाणी या भेगांतून आत झिरपते. हवेतील व मातीतील कार्बन डायऑक्साइड विरघळल्यामुळे ते किंचित आम्लधर्मी असते. त्याच्या क्रियेने बेसाल्टमधील फेल्डस्पार व पायरॉक्सीन या खनिजांचे चिकणमातीच्या खनिजांत रूपांतर होते, तर लोहाचे ऑक्सिडीभवन होऊन खडकाला तांबूस-पिवळा रंग येतो.

भेगांनी वेगळ्या झालेल्या ठोकळ्याच्या कोपऱ्यांवर पाण्याची क्रिया एकाच वेळी तीन बाजूंनी होते. त्यामुळे कोपरे आधी झिजतात, ठोकळा गोलसर होतो आणि त्याचे कांद्यासारखे पापुद्रे सुटतात. यास गोलाभ विदारण म्हणतात. पुणे परिसरात रस्त्यासाठी किंवा इमारतीच्या पायासाठी कापलेल्या उतारांवर अनेकदा वर माती, त्याखाली मुरूम, मुरमात अडकलेले काळे गोटे आणि तळाशी अखंड काळा पाषाण असा क्रम दिसतो. हे गोटे नदीने आणलेले नसतात, हे ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. गुळगुळीत आकारामुळे तसा समज सहज होतो.

पाठ्यपुस्तकांत विदारणाचे उदाहरण म्हणून पाणी गोठून खडक फुटण्याची क्रिया हमखास दिलेली असते. पुण्याच्या हवामानात तिला जवळपास स्थान नाही. वड-पिंपळाची मुळे भेगांत शिरून खडक व जुनी दगडी बांधकामे फोडतात, ते उदाहरण येथे अधिक लागू पडते.

क्षरण व वहन

मुळा नदी सह्याद्रीत उगम पावते आणि दापोडीजवळ पवना तिला मिळाल्यानंतर खडकीजवळून वाहते. त्यामुळे खडकीच्या काठावरील गाळ हा बव्हंशी स्थानिक खडकाचा नसून मुळशी व मावळ भागांतील डोंगरांचा आहे. पुणे शहरात वर्षाला सरासरी सुमारे ७०० मिमी पाऊस पडतो, तर लोणावळ्यात ४,००० मिमीहून अधिक. साहजिकच घाटमाथ्याजवळ विदारण व क्षरण दोन्ही तीव्र असतात. नदी जड गोटे तळाशी घरंगळत नेते, तर बारीक माती पाण्यात तरंगत जाते. पुराचे पाणी काठावर पसरून वेग मंदावला की ही माती खाली बसते. अशा जुन्या गाळात पांढरे चुनखडीचे खडे आढळतात. खडकातून विरघळून निघालेले कॅल्शियम कोरड्या काळात पुन्हा साठून ते तयार होतात.

सुट्या द्रव्याला हलवण्यासाठी प्रत्येक वेळी नदीच लागते असे नाही. तीव्र उतारावरील विदारित थरात पाणी मुरले की त्याचे वजन वाढते, कणांमधील पकड सैल होते आणि संपूर्ण थर गुरुत्वाकर्षणाने खाली येतो. पुणे जिल्ह्यातील आंबेगाव तालुक्यात ३० जुलै २०१४ रोजी मुसळधार पावसात असाच उतार माळीण गावावर कोसळला आणि दीडशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. अशा ठिकाणी उतार कापताना केवळ खालच्या पाषाणाची मजबुती पाहून भागत नाही. त्यावरील मुरूम-मातीची जाडी व पाण्याचा निचरा तपासावा लागतो.

खडकीच्या खाली संगमवाडी येथे मुळा व मुठा यांचा संगम होतो. पुढे मुळा-मुठा भीमेला आणि भीमा कृष्णेला मिळते. अरबी समुद्रापासून जवळ असलेल्या सह्याद्रीच्या माथ्यावर सुटलेला मातीचा कण अशा रीतीने पूर्वेकडे बंगालच्या उपसागराच्या दिशेने जातो. आता मात्र त्यातील बराचसा गाळ मुळशी व पवना धरणांच्या जलाशयांतच अडतो.