पुदिन्याचं तेल थेंबानं वापरा, चमच्यानं नको

आषाढात माउलींची पालखी नीरा ओलांडून लोणंदला मुक्कामाला येते, तेव्हा आपल्या खंडाळा तालुक्यातल्या कितीतरी बायाबापड्या वारकऱ्यांचे पाय चोळायला बसतात. पूर्वी वाटीत नुसतं खोबरेल नाहीतर तिळाचं तेल असायचं. हल्ली त्यात पेपरमिंट तेलाचे चार थेंबही पडतात. दुखऱ्या पोटऱ्यांना गार वाटतं, चालणाऱ्याला हुशारी येते. त्याबद्दल तक्रार नाहीच. पण हीच इवलीशी बाटली आता घराघरांतल्या फळीवर, खोकल्याच्या औषधाला खेटून उभी असते, आणि मैत्रिणींनो, मला तिची धास्ती वाटते.

गेल्या हिवाळ्यात बचत गटातल्या एकीच्या घरी काय झालं ते सांगते. सात महिन्यांच्या बाळाला सर्दी झाली होती. आजीनं मायेनं त्याच्या नाकाखाली हे तेल बोटानं लावलं. बाळाचा श्वास एकदम अडकला, ओठ काळेनिळे पडले. शिरवळच्या दवाखान्यात नेईपर्यंत घरातल्यांच्या तोंडचं पाणी पळालं. बाळ सुखरूप आहे, पण आजी अजून त्या फळीकडे बघत नाही. तिचा काय दोष? बाटलीवर 'नैसर्गिक' लिहिलेलं होतं, आणि नैसर्गिक म्हटलं की आपल्याला ते निर्धोक वाटतं.

चटणीतला पुदिना आणि हे तेल एकच, हा समजही काढून टाकू या. आपल्या कुंडीतला पुदिना वेगळा, त्यात मेंथॉल जवळजवळ नसतंच. पेपरमिंट ही पुदिन्याच्या दोन जातींच्या संकरातून आलेली तिसरी जात. बाजारात त्या नावानं बरेचदा जपानी पुदिन्याचंच तेल मिळतं. त्याची शेती उत्तर प्रदेशात बाराबंकी, संभल, रामपूर या भागांत मोठी. ढीगभर पाला वाफेवर ठेवला की थोडंसं तेल सुटतं, म्हणजे एका थेंबात किती पानांचं सत्त्व असेल बघा. हे तेल थंड करून जे स्फटिक निघतात, तेच आपलं पुदिन्याचं फूल.

गार वाटतं ते का? अंगात थंडी ओळखणाऱ्या ज्या नसा असतात, त्यांनाच मेंथॉल जागं करतं. डॉ. डेव्हिड ज्युलियस आणि डॉ. आर्डेम पॅटापूटियन यांनी वेगवेगळं काम करून हे उलगडलं, तेही मेंथॉल वापरूनच, आणि उष्ण-थंड व स्पर्शाच्या जाणिवेवरच्या संशोधनासाठी 2021 साली दोघांना नोबेल मिळालं. म्हणजे कातडीला नुसता भास होतो. तापलेल्या पोराच्या अंगाला हे तेल चोळून ताप उतरत नाही, बरं का. चोंदलेलं नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं, तेही बरंचसं असंच.

मग उपयोग काहीच नाही का? आहे ना! कपाळ आवळून धरल्यासारखी जी डोकेदुखी असते, तिच्यावर जर्मनीत 1996 साली एक लहानसा अभ्यास झाला. कपाळावर लावलेलं पातळ केलेलं पेपरमिंट तेल पॅरासिटामॉलच्या तोडीस उतरलं. काही जणांच्या पोटात वारंवार मुरडा येतो, त्यांना डॉक्टर या तेलाच्या कॅप्सूल देतात, आतड्यात जाऊन फुटणाऱ्या. म्हणून कोणी बाटलीतलं तेल पाण्यात टाकून पिऊ नये. आम्लपित्त असलेल्यांना तर त्यानं जळजळ वाढतेच, कारण घशाकडचं पोटाचं दार ते ढिलं करतं.

लावायचं प्रमाण सोपं आहे. चहाचा एक चमचा खोबरेल, त्यात दोन थेंब. कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून दिवसभर थांबा, खाज-लाली आली नाही तर पुढे वापरा. डोळ्यांच्या आसपास, जखमेवर आणि नाजूक जागी अजिबात नको. लावल्यावर हात साबणानं धुवा आणि मगच पदर तोंडावरून फिरवा. दोन वर्षांखालच्या मुलाला हे तेल नकोच, आणि मोठ्या मुलांच्याही तोंडा-नाकाजवळ नको. दिवस गेले असतील तर आधी डॉक्टरांना विचारा.

घरोघरी भीमसेनी कापूर, ओव्याचं फूल आणि पुदिन्याचं फूल सारखं घेऊन बाटलीत ठेवतात, आपोआप पाणी होतं, तीच अमृतधारा. बघायला गंमत वाटते. पण त्यातला कापूर लहान मुलाच्या पोटात गेला तर आकडी येऊ शकते. नाव अमृताचं असलं तरी ती बाटली कुलपातच बरी. (अमृतावरून आठवलं, अमृतांजन बाम 1893 साली मुंबईत जन्मला. त्याच्या जाहिरातीवरून ओळखला जाणारा पूल बोरघाटातल्या खंडाळ्याजवळ होता, 2020 मध्ये पाडला. आमचा खंडाळा खंबाटकीच्या पायथ्याचा, पाहुणे नेहमी घोळ घालतात!)

कातडीवर निव्वळ तेल सांडून आग झाली तर नुसतं पाणी ओतून ते निघत नाही. आधी खायच्या तेलाच्या बोळ्यानं पुसा, मग साबण. डोळ्यात गेलं तर मात्र साध्या स्वच्छ पाण्याची धार पंधरा मिनिटं आणि लगेच डॉक्टर. मुलानं प्यायलं तर उलटी करवू नका. उलटताना तेल फुप्फुसात जाण्याची भीती असते. 108 ला फोन करा आणि बाटली सोबत न्या, म्हणजे काय पोटात गेलं ते डॉक्टरांना कळेल.

बाटली गडद काचेची हवी, गॅसच्या शेगडीपासून लांब, झाकण घट्ट. हे तेल पेट घेतं.

गटातल्या काही जणींनी असं पायाचं तेल बनवून 3 जानेवारीला नायगावला सावित्रीबाईंच्या जयंतीच्या गर्दीत विकायचं काढलं होतं. उत्साह मला आवडला. पण अंगाला लावायची वस्तू विकायला बनवायची तर अन्न व औषध प्रशासनाचा परवाना लागतो, 'दुखणं थांबतं' असं छापलं तर ते औषधच ठरतं. तेव्हा यंदा त्यांनी शेंगदाण्याची चटणी करायचं ठरवलंय, आणि वारीसाठीच्या तेलाच्या वाट्या घरच्या घरीच, एका चमच्याला दोन थेंब या मापानं.