गावाकडची मिळकत : लेखांक सहावा — दलाल निराळा, मुखत्यार निराळा

वडिलांच्या पश्चात सातबारावर वारसांची नावे कशी चढतात, याचा विचार गेल्या लेखांकात झाला. आता ती मिळकत दूर राहणाऱ्या वारसांनी विकायची ठरविली, तर व्यवहार कोणाच्या हातून व्हावा, हा प्रश्न घेऊ.

रत्नागिरीहून गणपतीपुळ्यास जाणाऱ्या सागरी मार्गावर आरे आणि वारे ही गावे लागतात. तेथील समुद्र पाहावयास येणाऱ्यांची वर्दळ वाढली, तसतशी ज्या जांभ्याच्या कौलारू घरांकडे चाकरमानी मुले एरवी गणपतीखेरीज फिरकत नाहीत, त्यांचीही चौकशी होऊ लागली. गिऱ्हाईक आणणे, भाव जुळविणे आणि त्याबद्दल दलाली घेणे, एवढेच दलालाचे काम. परंतु ज्यांना खेपा चुकवायच्या असतात ते वारस, ‘तुम्ही सही तेवढी करा, बाकीचे मी बघतो’ या आश्वासनावर विसंबून, त्याच गृहस्थाच्या नावे कुलमुखत्यारपत्र लिहून देतात. सौदा लवकर उरकण्यात ज्याचे हित आहे, त्याच्याच हाती किंमत ठरविणे, सही करणे आणि पैसे घेणे हे तिन्ही अधिकार एकवटले, म्हणजे मालकाच्या हाती फोन करून विचारपूस करण्यापलीकडे काही उरत नाही.

यास्तव मुखत्यार विश्वासातला आप्त किंवा वकील असावा, आणि त्याला द्यावयाचे पत्र खास याच कामापुरते असावे. सर्व्हे नंबर, हिस्सा नंबर, घर क्रमांक, किमान किंमत आणि मुदत त्यात लिहावी. मोबदला ज्याच्या त्याच्या बँक खात्यात परस्पर जमा व्हावा, असे स्वच्छ शब्दांत नमूद करावे. मालकाच्या वतीने दस्त सादर करावयाचा, तर भारतात राहणाऱ्याने आपल्या निवासक्षेत्रातील निबंधकासमोर किंवा दुय्यम निबंधकासमोर आणि परदेशस्थाने नोटरीसमोर किंवा भारतीय वकिलातीत मुखत्यारपत्र करून द्यावे, असे 1908 च्या नोंदणी अधिनियमाचे कलम 33 सांगते. परदेशातून आलेले पत्र येथे पोहोचल्यापासून 3 महिन्यांच्या आत मुद्रांकित करून घ्यावे लागते.

दोन गैरसमज येथेच दूर करू. वडिलांनी हयातीत कोणास मुखत्यार नेमले असले, तरी ते अधिकार सामान्यतः त्यांच्या निधनाबरोबरच संपतात. ते जुने पत्र दाखवून कोणी विसार मागू लागला, तर त्यास वारसांनी मान्यता देऊ नये. दुसरे असे, की केवळ मुखत्यारपत्राने मालकी पालटत नाही. त्यासाठी नोंदणीकृत खरेदीखतच हवे, हे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये ‘सूरज लॅम्प’ प्रकरणी निःसंदिग्धपणे सांगितले आहे.

मुखत्यार नेमण्यापूर्वी सातबाराच्या ‘इतर हक्क’ या रकान्यावरून सावकाश नजर फिरवावी. कुळाची नोंद, सोसायटीचा बोजा, विहिरीच्या पाण्याचा हिस्सा अशा एखाद्या लहानशा ओळीवर पुष्कळदा सौदा अडतो. घराचा पत्ता ग्रामपंचायतीच्या असेसमेंट उताऱ्यावर लागतो, म्हणून घरपट्टी कोणाच्या नावे आहे हेही पाहावे. घराभोवतीची कलमांची जमीन शेतजमीन असेल, तर 1948 च्या कुळकायद्यामुळे बिगरशेतकऱ्यास ती परवानगीवाचून घेता येत नाही. आणि किनाऱ्यालगतच्या जागेस सागरी किनारा नियमनाचे निर्बंध लागू होत असल्याने, बांधकामाच्या हेतूने आलेला गिऱ्हाईक त्याबद्दल विचारणारच. ‘मला माहेरचे काही नको’ म्हणणाऱ्या बहिणीनेही नोंदणीकृत हक्कसोडपत्र दिले नसेल, तर खरेदीखतावर तिची किंवा तिच्या मुखत्याराची सही लागतेच. तसेच एकाच वारसाने आपला हिस्सा परक्यास विकावयाचे योजिले, तर 1956 च्या हिंदू उत्तराधिकार अधिनियमाच्या कलम 22 चा विचार करून तो आधी सहवारसांस देऊ करणे शहाणपणाचे.

एवढी पूर्वतयारी झाल्यावर दलाल अवश्य बोलवावा आणि त्याची ठरलेली दलाली त्यास बिनतक्रार द्यावी. गावातील गिऱ्हाइकांची त्याला असलेली माहिती दूरस्थ वारसास दुसरीकडून सहसा मिळत नाही. सहीचा अधिकार मात्र त्या दलालीत धरू नये.

पुढील लेखांकी : मोजणी आणि हद्दनिशाणी.