अपडेटनंतरचा बुधवार

विंडोजचं अपडेट महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी सुटतं. २००३ सालापासूनचा हा शिरस्ता. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर तेव्हा सकाळचे दहा वाजलेले असतात, आपल्याकडे रात्रीचे साडेदहा-साडेअकरा. रत्नागिरीत तोवर शटरं पडलेली असतात, कॉम्प्युटर मात्र तसाच चालू ठेवून लोक घरी गेलेले असतात. त्यामुळे आमच्या दुरुस्तीच्या धंद्यात खरी गर्दी बुधवार-गुरुवारची. हातात पिशवी, पिशवीत रुमालात गुंडाळलेली हार्ड डिस्क आणि तोंडी ठरलेलं वाक्य : "काल रात्रीपर्यंत नीट चालत होती ओ. सकाळी बघतो तर मेला अपडेट झालेला नि डिस्कच दाखवत नाही."

मी विचारतो, "दाखवत नाही म्हणजे कुठे दाखवत नाही?" माणूस जरा वैतागतो. पण सगळा इलाज या प्रश्नाच्या उत्तरावर ठरतो. 'दिस पीसी' उघडल्यावर चित्र दिसत नाही, हे झालं शेवटचं टोक. तिथपर्यंत पोचायच्या आधी बरंच काही घडलेलं असतं. डिस्कची वायर लावली की कॉम्प्युटर तिला आधी वीज देतो, मग विचारतो, तू कोण? डिस्क आपल्या कंपनीचा आणि मॉडेलचा क्रमांक सांगते. त्यावरून कॉम्प्युटर तिच्याशी बोलणारा ड्रायव्हर शोधतो. मग डिस्कवर किती भाग पाडलेत ते वाचतो, त्या भागात फाइली कोणत्या पद्धतीने मांडल्यात ते ओळखतो आणि सगळ्यात शेवटी त्या भागाला ई, एफ, जी असं एखादं अक्षर देतो. हे सगळं दोन-चार सेकंदांत होतं. ही यूएसबीची व्यवस्था १९९६ साली आली. ती घडवणाऱ्या इंटेलच्या गटाचे म्होरके अजय भट्ट हे बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठात शिकलेले. कुठलीही वस्तू लावा आणि चालवा, हा त्यांचा हेतू नव्वद टक्के सफल झाला म्हणायचा. उरलेल्या दहा टक्क्यांवर आमचं पोट चालतं.

तेव्हा घाबरण्याआधी एक करावं. स्टार्ट बटणावर राइट क्लिक करून 'डिस्क मॅनेजमेंट' उघडावं. तिथे खाली आडव्या पट्ट्या दिसतात, एकेक पट्टी म्हणजे एकेक डिस्क. तुमच्या डिस्कची पट्टी तिथे असेल, तिची साइज बरोबर असेल आणि 'हेल्दी' लिहिलेलं असेल, तर तुमचं काहीही गेलेलं नाही. फक्त अक्षर पडलेलं आहे. पट्टीवर राइट क्लिक, 'चेंज ड्राइव्ह लेटर', एखादं मोकळं अक्षर, ओके. एवढ्यावर निम्मी गिऱ्हाइकं हसत घरी जातात.

अक्षर पडतं तसं बदलतंही, आणि ते जास्त फसवं. पावसच्या बाजूचे एक आंबा बागायतदार आहेत. हिशेबाच्या टॅली या सॉफ्टवेअरचा त्यांचा सगळा डेटा बाहेरच्या डिस्कवर असतो. संध्याकाळी डिस्क कपाटात, सकाळी पुन्हा मशीनला. ऐन हंगामात, मुंबईच्या दलालांचे हिशेब टांगलेले असताना, टॅली उघडली तर कंपनीच नाही. यादी रिकामी. काका हादरले, म्हणाले, "दोन वर्षांची बिलं गेली रे." डिस्क उघडून बघितली तर सगळी फोल्डरं जागच्या जागी होती. अपडेटनंतर ई होतं त्याचं एफ झालं होतं आणि टॅली बिचारी अजून ई-च्या दारात उभी होती. अक्षर परत ई केलं, हिशेब आले. त्यानंतर मी त्यांच्या डिस्कला आर अक्षर दिलं. मशीन स्वतःहून सहसा तिथपर्यंत पोचत नाही. सुरुवातीची अक्षरं कार्ड रीडर, पेन ड्राइव्ह असे कोणीही बळकावतात. २०१८च्या एप्रिलमधल्या विंडोज १०च्या अपडेटनंतर तर काही मशीनवर मशीन बनवणाऱ्या कंपनीचा लपवलेला रिकव्हरीचा भागसुद्धा अक्षर घेऊन बाहेर आला होता आणि जागा संपली म्हणून रोज ओरडत होता.

हा घोळ खुद्द मायक्रोसॉफ्टलाही मान्य करावा लागला. २०१९च्या मे महिन्यातलं विंडोज १०चं मोठं अपडेट यूएसबी डिस्क किंवा मेमरी कार्ड लावलेल्या मशीनवर चढूच द्यायचं नाही, असं त्यांनी आधी जाहीर केलं. कारण अपडेट होताना अक्षरांची अदलाबदल होत होती, जी-चं एच होत होतं. उपाय काय सांगितला? डिस्क काढा, अपडेट करा, मग परत लावा. आमच्याकडचा वायरमन हेच फुकट सांगतो.

आता दुसरा प्रकार, ज्याची मला खरी धास्ती वाटते. डिस्क दिसते, अक्षरही असतं, पण क्लिक केलं की पाटी येते : ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल. खाली ठळक बटण, 'फॉरमॅट डिस्क'. किंवा डिस्क मॅनेजमेंट उघडताच विचारणा होते, 'इनिशिअलाइज' करू का? दोन्ही ठिकाणी उत्तर एकच : नाही. पेटीवरचं लेबल भिजून वाचता येईना, म्हणून आतले हापूस कोणी ओतून देत नाही. विंडोजला डिस्कवरच्या भागांचा नि फाइलींचा तक्ता वाचता आला नाही, एवढाच त्या पाटीचा अर्थ. बटण दाबलं की त्या जुन्या तक्त्यावर नवा कोरा तक्ता लिहिला जातो. त्यात 'क्विक' ही खूण काढून पूर्ण फॉरमॅट केलं, तर सगळ्या डिस्कवर शून्यं लिहिली जातात. मग मीच काय, कोणीच काही करू शकत नाही.

संगमेश्वराकडच्या एका नमन मंडळाचे गुरुजी अशीच डिस्क घेऊन आले. गणगवळणीपासून वगापर्यंत गावोगावची रेकॉर्डिंगं, आता हयात नसलेल्या मृदंगवाल्याच्या हातासकट. रात्री अपडेट चालू असताना लाइट गेली, यूपीएस नव्हता आणि डिस्क लावलेलीच होती. गुरुजींनी ती पाटी वाचली, कशालाही हात न लावता चष्मा खिशात घातला आणि सकाळची एसटी पकडली. निम्मं काम त्यांनीच केलं होतं.

अशा वेळी मी मूळ डिस्कवर काहीही लिहीत नाही. आधी तिची जशीच्या तशी नक्कल दुसऱ्या डिस्कवर उतरवतो, कणाकणाने, वाचता येत नाही तो भाग शेवटी ठेवून. मग जी काही चिरफाड करायची ती नकलेवर. 'टेस्टडिस्क' नावाचा फुकट मिळणारा प्रोग्रॅम आहे, दिसायला काळा पडदा नि पांढरी अक्षरं. तो हरवलेल्या भागांच्या सीमा शोधून काढतो. गुरुजींची रेकॉर्डिंगं त्यानेच दिली. इंटरनेटवर बघून थेट विंडोजचा 'चेकडिस्क' हा प्रोग्रॅम चालवणारे पुष्कळ भेटतात. तो वाईट नाही, पण तो दुरुस्ती मूळ डिस्कवरच करतो, आणि डिस्क आजारी असेल तर त्या मेहनतीतच तिचा जीव जातो.

अपडेटनंतर बिघडलं म्हणजे अपडेटमुळेच बिघडलं, असं मात्र नाही. लोक महिनोन्‌महिने मशीन बंदच करत नाहीत, लॅपटॉपचं झाकण तेवढं मिटतात. अपडेट त्यांना सक्तीने रिस्टार्ट करायला लावतं, आणि तोवर कसंबसं चाललेलं सगळं त्या दिवशी उघड्यावर येतं. त्यात आपली हवा. मांडवी, मिरकरवाडा, भाट्ये या पट्ट्यात खिडकीजवळ ठेवलेल्या डिस्कची पिन पाहावी. चपटी, रुंद, मध्ये खाच असलेली ती पिन खाऱ्या हवेने काळसर पडते, कधी हिरवट. पावसाळ्यात तर विचारू नका. ब्रशने आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसली, वायर नवी घातली, की अपडेटने मेलेली डिस्क जिवंत होते. वायर घेताना डेटाची घ्यावी. नुसत्या चार्जिंगच्या वायरीत डेटाच्या तारा नसतात, आणि दिसायला दोन्ही जुळ्या बहिणी.

विजेचंही तसंच. जुन्या यूएसबी २ पोर्टमधून ५०० मिलिअँपिअर मिळतात, यूएसबी ३मधून ९००. फिरती डिस्क सुरू होताना यापेक्षा जास्त मागू शकते. मग ती टिकटिक करते, दिवा लागतो, फिरत नाही. हबमधून काढून थेट मशीनच्या पोर्टला लावावी, डेस्कटॉप असेल तर मागच्या बाजूला.

वायर चांगली, पोर्ट चांगलं, तरी डिस्क मॅनेजमेंटमध्येही पट्टी नाही, तर मग ड्रायव्हरकडे वळायचं. आधी मशीन 'रिस्टार्ट' करावं. 'शट डाउन' करून पुन्हा चालू केल्याने तेच होतं असं सगळ्यांना वाटतं, पण विंडोजमध्ये 'फास्ट स्टार्टअप' चालू असेल तर शट डाउन अर्धवटच असतं. ड्रायव्हरची जुनी स्थिती साठवून ठेवली जाते आणि तीच सकाळी परत येते. रिस्टार्टने खरी पाटी कोरी होते. तरीही जमलं नाही तर 'डिव्हाइस मॅनेजर'मध्ये जाऊन डिस्क 'अनइन्स्टॉल' करावी, वायर काढून परत लावावी. अनइन्स्टॉल शब्दाला लोक बिचकतात. त्याने डेटा जात नाही, फक्त ओळख पुसते. तिथेच 'यूएसबी रूट हब'च्या पॉवरच्या पानावर वीज वाचवण्यासाठी पोर्ट बंद करायची परवानगी असते. दर थोड्या वेळाने डिस्क गायब होत असेल, तर ती खूण काढावी.

अपडेटच खरोखर दोषी असेल, तर सेटिंगमध्ये जाऊन ते काढता येतं. मोठं अपडेट असेल तर जुन्या आवृत्तीवर परतायला साधारण दहा दिवसांची मुदत असते. बागायतदारांना मी एप्रिलमध्येच अपडेट 'पॉज' करायला सांगतो. पाच आठवडे मिळतात, हंगामाचा जीव तेवढाच.

लग्नाचे फोटोग्राफर मॅक घेऊन येतात, त्यांची दुखणी निराळी. २०२२च्या व्हेन्चुरा या मॅकओएसपासून ॲपलच्या नव्या चिपच्या लॅपटॉपवर डिस्क लावली की परवानगी विचारली जाते. घाईत नको म्हटलं की डिस्कला फक्त वीज जाते, ती दिसत नाही. २०२४च्या मार्चमध्ये तर सोनोमा १४.४ने मॉनिटरमधले हबच बंद पाडले होते, दोन-तीन आठवड्यांनी १४.४.१ने ते सुरू झाले. २०१३ साली मॅव्हरिक्स आलं, तेव्हा वेस्टर्न डिजिटलने आपल्या ग्राहकांना ई-मेल पाठवून आपलंच सॉफ्टवेअर काढून टाकायला सांगितलं होतं, कारण डिस्कवरचा डेटा जात होता. तेव्हा नवं मॅकओएस आलं की, पाठीमागे लग्नसराई असताना, पहिल्या दिवशी टाकू नका, हे मी त्यांना ओरडून सांगतो. कोणी ऐकत नाही.

अपडेटनंतर कधी निळा पडदा येतो आणि ४८ आकडी किल्ली मागतो. तो बिटलॉकर, डेटाला लावलेलं कुलूप. किल्ली बहुधा मायक्रोसॉफ्टच्या खात्यात साठवलेली असते. पण ते खातं दुकान सोडून गेलेल्या मुलाने स्वतःच्या मोबाइल नंबरवर उघडलेलं असतं, आणि मग त्या मुलाचा शोध सुरू होतो. किल्ली नसेल तर माझ्याकडे येऊन उपयोग नाही, कोणाकडेच नाही.

पुरेशी वीज मिळूनही डिस्कमधून ठराविक अंतराने टक, टक असा आवाज येत असेल, तर वरचं काहीही करू नका. वायर काढा. आवाज नसेल पण फाइली उघडायला वेळ लागत असेल, तर डिस्कची तब्येत दाखवणारा 'क्रिस्टलडिस्कइन्फो' हा प्रोग्रॅम चालवून बघावा. निळं दिसलं तर ठीक, पिवळं किंवा लाल दिसलं तर आधी नकला करा, कारणं नंतर शोधा. टकटक करणारी डिस्क उघडायला धूळमुक्त खोली लागते, ती मुंबई-पुण्यातल्या मोजक्या लॅबांकडे असते. काहीजण घरीच स्क्रू ड्रायव्हर लावतात, शिवाय फ्रीजमध्ये ठेवायचा जुना सल्ला अजून फिरतो. आपल्या हवेत फ्रीजमधून काढलेल्या डिस्कवर पाणी सुटणारच. काही पोर्टेबल डिस्कमध्ये तर यूएसबीचं तोंड थेट आतल्या सर्किटवरच जोडलेलं असतं आणि डेटा त्याच सर्किटवर कुलूपबंद होतो, त्यामुळे आतली डिस्क काढून दुसऱ्या पेटीत घातली तरी काही मिळत नाही. लॅबला पाठवताना मूळ पेटी आणि वायरीसकट पाठवावी. काय झालं, कोणती बटणं दाबली, लाइट गेली होती का, हे कागदावर लिहून द्यावं. तपासणीचे पैसे वेगळे आहेत का आणि डेटा मिळाला नाही तर काय, हे आधी विचारून घ्यावं.