लग्न ‘खासगी’ असतं, तर हा आकडा कुठून येतो?

समाजशास्त्राच्या पहिल्या वर्षाला प्रवेश घेतलेल्यांनो, सुरुवात लग्नापासून करा. लग्न ही ज्याची त्याची खासगी बाब, असं आपण म्हणतो. मग २०११-१२ च्या भारत मानव विकास सर्वेक्षणात आंतरजातीय लग्नं जेमतेम ५ टक्के का निघाली? हजारो घरांतले ‘खासगी’ निर्णय एकाच दिशेला झुकतात, तेव्हा कारण नुसत्या आवडीनिवडीत सापडत नाही, ते समाजाच्या रचनेत शोधावं लागतं. स्थळांच्या जाहिरातीत पगार आणि उंचीच्या बरोबरीने पोटजातही छापलेली असते, ती याच रचनेची खूण.

“यात नवीन काय, हे सगळ्यांनाच ठाऊक आहे,” हा आक्षेप हमखास येतो. पण जात आहे हे ठाऊक असणं वेगळं आणि ती टिकते कशी हे उलगडणं वेगळं. १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात २५ वर्षांच्या आंबेडकरांनी नेमकं तेच केलं. जातीतल्या जातीत लग्न हाच जातीचा गाभा, असं मांडून सती, सक्तीचं वैधव्य आणि बालविवाह या प्रथा ते कुंपण शाबूत राखण्यासाठी होत्या, हे त्यांनी दाखवलं. केवढी झेप! “आमच्या ओळखीत झालंय की आंतरजातीय लग्न,” असंही कुणी म्हणेल. झालं असेलच. समाजशास्त्र एकेकट्याचं भविष्य सांगत नाही. त्या जोडप्याला त्यासाठी काय किंमत मोजावी लागली, हे ते विचारतं. निबंध छोटा आहे, मराठीतही आहे. पाठ्यपुस्तकाआधी तोच वाचा.