मार्कंड्याचे देवालय आणि चांद्याची गादी

गोंडपिपरीहून आष्टीच्या पुलाने वैनगंगा ओलांडून चामोर्शीच्या अंगाने वर गेले, की जिथे ही नदी आपली दक्षिणेची वाट सोडून काही अंतर उत्तरेकडे वळते, तिथे मार्कंड्याचे देवालय लागते. आणि उत्तरवाहिनी गंगा, महादेव व यमाच्या पाशातून सुटलेल्या मार्कंडेयाची कथा असा त्रिवेणी योग जिथे जुळला, त्या स्थानाकडे पाठ फिरवणे इथे अंमल करणाऱ्या कोणालाही परवडण्याजोगे नव्हते.

हीच कथा कावेरीच्या मुलखात तिरुक्कडैयूरचे भाविकही आपल्या गावची म्हणून सांगतात, आणि साठीशांतीसाठी जोडपी तिथे हौसेने जातात. तमिळ देशी मात्र देव आणि राजा यांचा व्यवहार चोख लेखी ठेवलेला! 1010 च्या सुमारास पुरे झालेल्या तंजावरच्या बृहदीश्वराच्या भिंती म्हणजे चोळांचे दप्तरच. एका नंदादीपाच्या तुपासाठी 96 मेंढ्या धनगराच्या हवाली केल्याच्या नोंदी तिथे दगडात कोरलेल्या आहेत. पुढे चोळांच्या गादीवर आलेल्या कुलोत्तुंगाने आपल्या प्रशस्तीत वैरागड येथे हत्ती धरल्याचे मिरवले आहे, आणि ते वैरागड आरमोरीकडचे आपलेच, असे अनेक अभ्यासक मानतात.

मार्कंड्याचे वैभव मात्र लेखांचे नाही, शिल्पाचे. 1873 ते 1875 च्या दौऱ्यांत पुरातत्त्ववेत्ता कनिंगहॅमने सुमारे 196 फूट लांब व 118 फूट रुंद आवारातल्या या मंदिरसमूहाची पाहणी केली, आणि त्याला खजुराहोची आठवण झाली. पण माझी नजर खिळते ती मुख्य मंदिराच्या मंडपात, नाजूक कोरीवकामाच्या शेजारी धटिंगणासारख्या उभ्या असलेल्या जाड, ओबडधोबड खांबांवर. वीज कोसळून शिखराचा माथा मंडपावर आदळला, छत फुटले आणि एका गोंड राजाने ते सावरून धरले, अशी त्यांची हकीकत.

ज्यांच्या कुळाचे दैवत बडादेव, त्या राजांनी परक्या कारागिरांच्या देवळाची डागडुजी का करावी? चांद्याच्या गोंड गादीचा इतिहासच याचे उत्तर देतो. राजा खांडक्या बल्लाळशहाचे चर्मरोगाने ग्रासलेले अंग झरपटीच्या पाण्याने बरे झाले आणि त्यातून अचलेश्वराचे मंदिर व चांदा शहर उभे राहिले, ही आख्यायिका राज्याचा उगमच देवाच्या कृपेशी बांधते. पुढे वीरशहाच्या पश्चात राणी हिराईने महाकालीचे मंदिर बांधले, जिथे चैत्रात आजही मराठवाड्याकडून भाविकांची रीघ लागते. 1751 मध्ये नागपूरकर भोसल्यांनी राज्य घेतले; देवाची वहिवाट मात्र कोणी मोडली नाही.

कलेच्या मोजमापाने ते खांब बेढब ठरतील, ठरोत. माझ्या मते मार्कंड्यातला सर्वांत प्रामाणिक राजलेख तोच आहे. महाशिवरात्रीच्या जत्रेला जाणाऱ्याने अप्सरा पाहून झाल्यावर त्या खांबांपाशीही घटकाभर थांबावे.