पाणी शिरतं एकीकडे, दिसतं दुसरीकडे

छत्रपती संभाजीनगरात जाधववाडीच्या बाजार समितीत पहाटे भाजी उतरवणाऱ्या पिकअपांमध्ये दहा-पंधरा वर्षं जुन्या गाड्या कमी नाहीत. पाऊस लागला की अशा गाडीच्या केबिनमध्ये पायाखाली गोणपाट येतं. मग सिलिकॉनची नळी आणली जाते आणि जिथे ओल दिसते तिथे लेप चढतो. पुढच्या सरीत पाणी पुन्हा हजर! ओल दिसते तिथे पाण्याचा प्रवास संपलेला असतो. तो सुरू कुठे झाला हे लेप लावणाऱ्याने पाहिलेलंच नसतं.

मुळात गाडी म्हणजे पाणी न शिरणारा बंद डबा नाही. दाराच्या काचेवरून ओघळणारं पाणी दाराच्या पोकळीत उतरतं आणि दाराच्या तळाच्या छिद्रांतून रस्त्यावर पडतं. कारखान्याने तशी वाटच ठेवलेली असते. आतल्या पॅनेलमागचा प्लास्टिकचा कागद ते केबिनकडे येऊ देत नाही. कधीतरी स्पीकर बसवताना हा कागद फाटतो, छिद्रं चिखलाने बुजतात, आणि बाहेर जाणारं पाणी मॅटवर येतं. त्याच छिद्रांवर सिलिकॉन फासणारे महाभागही आहेत. त्यांच्या गाडीचं दार आतून कुजतं.

हीच गोष्ट वायपरखालच्या जाळीची. ब्लोअरला बाहेरची हवा तिथूनच मिळते, कारण धावत्या गाडीत काचेच्या पायथ्याशी हवेचा दाब जास्त असतो. जाळीतून पडलेलं पाणी दोन्ही कडांच्या निचऱ्याने खाली जायला हवं. पण गाडी वर्षभर कडुनिंबाखाली उभी असेल तर पानांचा लगदा निचरा बंद करतो, पाणी तुंबतं आणि ब्लोअरच्या तोंडातून आत उतरतं. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत ब्लोअर डाव्या बाजूला असतो. म्हणून क्लीनरचे पाय भिजतात आणि चालक निवांत असतो.

उभी गाडी कोरडी आणि जालना रोडला लागली की ओली, अशी तक्रारही असते. तिच्यामागे साधं गणित आहे. ताशी 80 किलोमीटर वेगाला समोरून येणाऱ्या हवेचा दाब जवळपास 300 पास्कल होतो. एवढा दाब पाण्याचा तीन सेंटिमीटर उंचीचा स्तंभ तोलून धरतो. तेवढ्या उंचीची कड ओलांडायला पाण्याला मग अडचण येत नाही.

दाबाने पाणी वर चढतं हे या शहराने पाणचक्कीच्या भिंतीपाशी शतकानुशतकं पाहिलं आहे. अरुंद फटीत मात्र दाबाचीही गरज नसते. दोन पत्र्यांमध्ये अर्ध्या मिलिमीटरची फट असेल आणि पत्रा नीट भिजत असेल, तर पाणी केशाकर्षणाने सुमारे तीन सेंटिमीटर वर चढतं. फट निम्मी झाली की उंची दुप्पट. म्हणजे डोळ्यांना न दिसणारी चीर जास्त त्रासदायक! अशा चिरा उन्हाळाच तयार करतो. पोलाद एका अंशाला मीटरमागे बारा मायक्रोमीटर प्रसरण पावतं. रात्र आणि दुपार यांत टपाच्या पत्र्याचं तापमान चाळीस अंशांनी बदललं, तर दीड मीटरचा पत्रा जवळपास पाऊण मिलिमीटर सरकू पाहतो. सांध्यांवरचं सीलंट नवं असताना ही ओढाताण सोसतं; वर्षांनुवर्षं उन्हात कडक झालं की तडकतं. दाराचं रबरही सतत दबून राहिल्याने चपटं होतं आणि पुन्हा फुगत नाही.

पिकअपमध्ये आणखी एक संशयित असतो, टपावर नंतर बसवलेलं कॅरियर. त्याच्या बोल्टच्या छिद्रातून आलेलं पाणी छताच्या अस्तरावरून सरकत काचेच्या खांबातून उतरतं. मागच्या काचेचं पाणी सीटखाली साचतं आणि ब्रेक मारल्यावर पुढे येतं.

तपासाआधी पाणी पावसाचंच आहे ना, हे बघावं. कोरड्या दिवशी एसी लावल्यावर ओल येत असेल तर एसीची निचरा नळी तुंबलेली असते. पाणी बोटांना बुळबुळीत लागलं आणि गोडसर वास आला, तर ते कूलंट आहे, काम हीटरकडचं. पावसाचंच असेल तर मॅट काढून आत कोरडी वर्तमानपत्रं पसरावीत, एकाने टॉर्च घेऊन आत बसावं, दुसऱ्याने पाइपने हलकी धार खालून वर न्यावी, प्रत्येक जागी काही मिनिटं थांबत. वरून सुरुवात केली तर सगळंच भिजतं आणि काहीच कळत नाही. धारेने सापडलं नाही तर काचा बंद करून, ब्लोअर बाहेरच्या हवेवर पूर्ण वेगात ठेवून सांध्यांवर साबणाचं पाणी लावावं. हवा बाहेर पडते तिथे बुडबुडे येतात.

दुरुस्ती त्यामानाने सोपी. निचरे मोकळे करायचे, चपटं रबर बदलायचं, कॅरियरच्या बोल्टखाली रबरी वॉशर घालायचे. सांध्यावरचा गंज खरवडून, प्रायमर देऊन पॉलियुरेथेन सीलंट भरायचं. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन पत्र्यावर नको. सुकताना त्यातून ॲसिटिक ॲसिड सुटतं आणि गंजाला हातभार लागतो. मॅटखालचा फोम बाहेर काढूनच वाळवावा, तो वरून कोरडा वाटला तरी खाली पाणी धरून ठेवतो. तळाच्या पत्र्यातली रबरी बुचं काढली की साचलेलं पाणी निघून जातं. ती परत बसवायची राहिली तर चाकांनी उडवलेलं पाणी खालून आत येतं, आणि मालक पुन्हा टप तपासायला लागतो.